फेअर वीस दिवसांवर आणि पासपोर्टच नाही? बोईसर-पालघरच्या उद्योजकांसाठी तत्काळ पासपोर्टचं पूर्ण गणित



एक्स्पोर्टवर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुबईचं फेअर वीस दिवसांवर आलंय, बायरने भेटायला बोलावलंय, पण पासपोर्टच नाहीये. आता होईल का?" विचारणारा कधी तारापूर एमआयडीसीत छोटं केमिकल युनिट चालवणारा असतो, कधी चिंचणी-वरोर पट्ट्यातला डायमेकर असतो, कधी डहाणू-घोलवडच्या चिकूपासून पावडर आणि चिप्स बनवणारी ताई असते. माल तयार आहे, सॅम्पल तयार आहे, इंग्रजी बोलायची भीतीसुद्धा गेलीय. अडलंय ते एका छोट्या पुस्तिकेवर.

थोडक्यात उत्तर असं: पासपोर्ट बहुतेक वेळा होतो. ट्रिप होईल की नाही, हे मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरतं, आणि ती गोष्ट स्टॉलचे पैसे भरायच्या आधी तपासायची असते. आज ते सगळं गणित मांडूया. शेवटपर्यंत वाचा, कारण केस-कोर्टाचा जो भाग पुढे येणार आहे, तो कारखानदारांना सहसा कोणी सांगत नाही.

"इमर्जन्सी पासपोर्ट" नावाची गोष्ट आहे का?

आधी शब्द नीट समजून घेऊ. भारतात राहणाऱ्या माणसाला "इमर्जन्सी पासपोर्ट" नावाचं वेगळं पुस्तक मिळत नाही. तुम्हाला मिळते ती तत्काळ योजना. पासपोर्ट तोच, निळं कव्हर तेच, मुदत तीच १० वर्षांची. फक्त अर्जाचं काम लवकर होतं आणि त्याचे जास्त पैसे पडतात.

"इमर्जन्सी सर्टिफिकेट" नावाचा एक कागद असतो, पण तो परदेशात पासपोर्ट हरवलेल्या भारतीयाला तिथला आपला दूतावास देतो. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, एकदाच. म्हणजे जायच्या कामाचा तो नाही. "इमर्जन्सी पासपोर्ट काढून देतो, दोन दिवसांत" असं कोणी एजंट म्हणाला, तर तो तत्काळबद्दलच बोलतोय, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता.

आधी कॅलेंडर उघडा, पोर्टल नंतर

इथेच लोक घाई करतात. अर्ज भरायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि उलटं मोजा. समजा, फेअर आजपासून २१ दिवसांनी आहे.

तत्काळमध्ये, सगळे कागद बरोबर असतील आणि पासपोर्ट देण्याआधी पोलीस पडताळणीची गरज नसेल, तर केंद्रात अर्ज दिल्याचा दिवस सोडून तिसऱ्या कामाच्या दिवशी पासपोर्ट रवाना होतो. कामाचा दिवस, बरं का. समजा, तुमची अपॉइंटमेंट गुरुवारी झाली. शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारी स्पीड पोस्टने निघाला तर बोईसरला पोचायला आणखी एक-दोन दिवस. मध्ये सुट्टी आली तर तेवढं पुढे. आणि अपॉइंटमेंट मिळायला जे दिवस जातील, ते वेगळे. म्हणजे २१ दिवसांतले दहा-बारा दिवस पासपोर्टमध्ये गेले असं धरून चाला.

आता उरलेल्या नऊ-दहा दिवसांत काय बसतं ते बघा. कारण पासपोर्ट हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. आयोजकाचं निमंत्रण पत्रही बऱ्याच वेळा पासपोर्ट नंबर मागतं.

- जर्मनी, इटली, फ्रान्स (शेंगेन): व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा नियम आहे. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात आणि गरज पडली तर ते ४५ दिवसांपर्यंत वाढू शकतात. म्हणजे २१ दिवसांत पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा दोन्ही, हे गणित बसत नाही. तत्काळचे पैसे भरूनही बसत नाही.
- चीन: ग्वांगझूच्या कँटन फेअरला जायचं तर बिझनेस व्हिसा लागतो आणि त्याला चीनमधून आलेलं निमंत्रण लागतं. फेअर वर्षातून दोनदा भरतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एक हुकलं तर सहा महिन्यांनी दुसरं आहे, हे लक्षात ठेवा.
- दुबई: व्हिजिट व्हिसा ऑनलाइन होतो आणि तुलनेने लवकर होतो. २१ दिवसांत जमण्यासारखा देश हा.
- नेपाळ, भूतान: इथे भारतीय माणूस मतदार ओळखपत्रावरही जाऊ शकतो. पहिल्या छोट्या ऑर्डरसाठी काठमांडूला जाणार असाल तर पासपोर्टवाचून अडत नाही.

व्हिसाचे नियम देश बदलत राहतात. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर एकदा बघायचंच.

हा हिशोब झाला की निर्णय घ्या. युरोप असेल आणि दिवस २१ असतील, तर स्टॉलचे पैसे भरू नका, पुढच्या वर्षाचं ठरवा. दुबई असेल, तर चला, कामाला लागा. तत्काळचे २,००० रुपये वाया गेले तर फार बिघडत नाही. परत न मिळणारं स्टॉलचं भाडं आणि तिकीट वाया गेलं, तर छोट्या युनिटचा एका महिन्याचा पगार गेला.

आधीचा पासपोर्ट असेल तर तारीख बघितलीत का?

"माझ्याकडे आहे हो पासपोर्ट" म्हणणाऱ्यांनी जाऊन तो कपाटातून काढा. दुबईसह बरेच देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर ३ महिने मुदत लागते, पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला लागतो आणि दोन कोरी पानं लागतात. पुढच्या चार महिन्यांत संपणारा पासपोर्ट म्हणजे फेअरच्या दृष्टीने संपलेला पासपोर्ट. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नवा काढायला अर्ज करता येतो. मग वाट कशाची बघताय?

तत्काळला कागद कोणते?

१८ वर्षांवरील व्यक्तीला ठरलेल्या यादीतले कोणतेही तीन लागतात. यादीतले आपल्याकडे हमखास सापडणारे हे: आधार, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, जन्म दाखला, जातीचा दाखला. त्याशिवाय पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा आहेच. तुमच्या प्रकरणाला नेमकं काय लागेल, ते पोर्टलवरच्या "डॉक्युमेंट अ‍ॅडव्हायझर"मध्ये चार प्रश्नांची उत्तरं दिली की कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बरेच लोक नेमकं तेच करत नाहीत.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, काही प्रकरणांना तत्काळ मिळतच नाही. नावात मोठा बदल करायचा असेल, किंवा जुना पासपोर्ट ओळखू न येण्याइतका खराब झाला असेल, तर साध्या मार्गानेच जावं लागतं.

दुसरी, दहावी पास नसाल तर घाबरू नका. पासपोर्ट मिळतो. फक्त त्यावर "ईसीआर", म्हणजे नोकरीसाठी काही ठरावीक देशांत जाताना सरकारी मंजुरी लागेल, असा शेरा येऊ शकतो. पण स्वतःच्या नावाने आयकर भरणाऱ्याला त्यातून सूट मिळते. म्हणजे नववीत शाळा सोडून वर्कशॉप टाकलेल्या आणि दरवर्षी रिटर्न भरून कर देणाऱ्या माणसाला तो शेरा टाळता येतो. रिटर्न आणि कर भरल्याचे कागद सोबत न्या.

तिसरी, तत्काळचे जास्त पैसे भरले म्हणजे पासपोर्ट मिळालाच असं नाही. शेवटचा निर्णय पासपोर्ट कार्यालयाचा.

नावाचं स्पेलिंग

आपल्याकडे एका माणसाची चार नावं असतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. बँकेत "चौधरी"चं इंग्रजी स्पेलिंग एक, लायसन्सवर दुसरं. ताईंच्या बाबतीत माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं आधारवर.

रोजच्या धंद्यात हे चालून जातं. पासपोर्टच्या काउंटरवर चालत नाही. तीन कागदांवर तीन नावं दिसली की फाइल थांबते, आणि मग तत्काळचं साधं व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जे तीन कागद एकमेकांशी जुळतात, तेच तीन वापरा. आधारमध्ये दुरुस्ती हवी असेल तर ती आधी, अपॉइंटमेंट नंतर.

अर्जात नावाचे दोन रकाने असतात: गिव्हन नेम आणि सरनेम. सरनेम रिकामा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशाला व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला. दुबईला जायचंय आणि सरनेमचा रकाना कोरा, तर नवीन पासपोर्ट असूनही विमान चुकू शकतं. आणि पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर, तेच व्हिसावर, तेच स्टॉलच्या बॅजवर.

पत्ता कुठला द्यायचा, बोईसरचा की गावचा?

बोईसरमध्ये निम्मी वस्ती बाहेरून आलेली. कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून, कोणी उत्तर प्रदेशातून येऊन इथे स्थिरावलेले. आधारवर पत्ता गावचा, राहणं बोईसरच्या भाड्याच्या खोलीत. मग अर्जात काय लिहायचं?

सध्या जिथे खरोखर राहताय, तोच पत्ता. पोलीस तिथेच येणार आणि पासपोर्टही तिथेच येणार. पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार, वीजबिल, गॅस कनेक्शन, फोटो असलेलं बँक पासबुक असे कागद चालतात. साध्या स्टॅम्प पेपरवर मालकाची सही घेतलेला करार घेऊन जाऊ नका, नोंदणी केलेलाच न्या. "गावचा पत्ता देतो, तिथे भाऊ आहे, तो सांभाळून घेईल" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. पोलीस गावी गेले आणि "तो तर पाच वर्षं बोईसरला असतो" असं शेजाऱ्याने सांगितलं, की उलटा अहवाल तयार.

आणखी एक सोय झालीय. जून २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. पालघर जिल्ह्याचं काम मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. पण मालाड, अंधेरी, ठाणे इथे तारीख लांबची दिसत असेल, तर दुसऱ्या प्रादेशिक कार्यालयाखालच्या केंद्रात लवकरची तारीख आहे का, तेही बघा. पोलीस पडताळणी मात्र तुमच्या पत्त्यावरच होते.

अपॉइंटमेंट आणि पैसे

अर्ज "पासपोर्ट सेवा" या सरकारी पोर्टलवर किंवा "एमपासपोर्ट सेवा" या अ‍ॅपवर. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट "जीओव्ही डॉट इन" असा असतो. तसाच दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत, तिथे पैसे गेले की गेले. शंका आली तर पासपोर्ट सेवेचा टोल फ्री नंबर १८००-२५८-१८०० वर विचारा.

प्रौढांसाठी दहा वर्षांच्या पासपोर्टची फी अशी आहे:

- ३६ पानी, साधा: १,५०० रुपये
- ३६ पानी, तत्काळ: ३,५०० रुपये
- ६० पानी, साधा: २,००० रुपये
- ६० पानी, तत्काळ: ४,००० रुपये

साधी फी ऑनलाइन भरायची, तत्काळचे वरचे २,००० केंद्रात भरायचे. वर्षाला दोन-तीन फेअर करायचं मनात असेल तर ५०० रुपये जास्त देऊन ६० पानीच घ्या.

एक युक्ती नीट समजून घ्या. तत्काळच्या अर्जदाराला दोन्हीकडचे स्लॉट खुले असतात. तत्काळच्या कोट्यात तारीख मिळाली नाही, तर साध्या कोट्यातली तारीख घेता येते आणि अर्ज तरीही तत्काळचाच राहतो. फी अर्थातच तत्काळचीच लागते.

एजंट फॉर्म भरून देईल, पण तुमच्या जागी बोटांचे ठसे देणार नाही. केंद्रात तुम्हालाच जावं लागतं. जो माणूस जीएसटीचं रिटर्न किंवा उद्यम नोंदणी मोबाइलवर करू शकतो, त्याला हा फॉर्म जड नाही.

केंद्रातला दिवस

बोईसर-पालघरहून निघताना लोकलचं वेळापत्रक आधी बघा. विरारच्या पुढे डहाणूकडच्या गाड्या मोजक्याच, एक चुकली की दुसरीसाठी थांबावं लागतं. पहाटेचा स्लॉट समोर दिसला म्हणून घेऊ नका. उशिराची सकाळ किंवा दुपार बरी. पावसाळ्यात आणखी एक तास हाताशी ठेवा.

सोबत सगळ्या कागदांच्या मूळ प्रती आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. आत तीन टप्पे असतात. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, उरलेली फी भरायची. बी काउंटरवर सरकारी अधिकारी कागद तपासतात. सी काउंटरवर पासपोर्ट द्यायचा की नाही, पोलीस पडताळणी आधी की नंतर, हे ठरतं.

ए काउंटरला स्क्रीनवर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता दाखवतात. घाईत "हो हो, बरोबर" म्हणू नका. एकेक अक्षर वाचा. तिथे सुधारायला एक मिनिट लागतं. छापून आल्यावर सुधारायचं म्हणजे पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी, आणि फेअर तर तोवर उठलेलं असेल.

बाहेर पडताना पावती मिळते. त्यावरचा फाइल नंबर जपून ठेवा, पुढचं सगळं ट्रॅकिंग त्यावरच.

पोलीस आणि पोस्टमन

बोईसर, पालघर, डहाणूवाल्यांची पडताळणी पालघर जिल्हा पोलिसांकडे. वसई-विरारवाल्यांची मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे, जे ऑक्टोबर २०२० पासून वेगळं झालंय. तत्काळमध्ये बऱ्याच वेळा पासपोर्ट आधी येतो आणि पडताळणी नंतर होते. म्हणून ती हलक्यात घेऊ नका. तुम्ही दुबईला, घराला कुलूप, पोलीस येऊन परत गेले, अहवाल उलटा गेला, तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. घरच्यांना सांगून ठेवा, फोन चालू ठेवा, आणि जाण्याआधी जमलं तर पोलीस ठाण्यात जाऊन कागद दाखवून या. या पडताळणीसाठी अर्जदाराने वेगळी फी द्यायची नसते.

दुसरा माणूस पोस्टमन. पासपोर्टचं पाकीट ते ज्याच्या नावाचं त्यालाच, ओळखपत्र बघून देतात. तुम्ही दिवसभर एमआयडीसीत आणि खोलीला कुलूप, असं झालं तर ते पाकीट पासपोर्ट कार्यालयाकडे परतसुद्धा जातं. पाकीट निघाल्याचा मेसेज आला की रोज ट्रॅक करा, आणि आपल्या भागाच्या पोस्टात जाऊन सांगून ठेवा.

केस चालू असेल तर लपवू नका

आता तो भाग, जो मी सुरुवातीला म्हटलं होतं.

पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्यावर कुठल्या फौजदारी न्यायालयात खटला चालू आहे का? आपला माणूस म्हणतो, "छे, मी काय गुन्हेगार आहे?" आणि "नाही" लिहून मोकळा होतो.

पण जरा थांबा. सप्लायरला दिलेला चेक परत गेला आणि त्याने कलम १३८ खाली केस टाकली, तर ती केस फौजदारी न्यायालयात चालते. कारखान्यात अपघात झाला आणि "ऑक्युपायर" म्हणून तुमच्यावर खटला दाखल झाला, तोही फौजदारीच. तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या माणसाच्या नावावरही अशी एखादी केस असू शकते. वकील तारखा बघतात, मालक ते विसरूनही जातो.

पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ नुसार असा खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग रस्ता बंद का? अजिबात नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाट ठेवलीय. ज्या न्यायालयात केस चालू आहे, तिथे परदेशी जाण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा. न्यायालय आदेशात जेवढी मुदत देईल, तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेलीच नसेल तर एक वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलांना सांगा: "साहेब, अर्जात मुदत स्पष्ट मागा."

न्यायालयाला तुमच्या फेअरची तारीख माहीत नसते. या परवानगीला वेळ लागतो आणि ती तत्काळमध्ये मिळत नाही. केस असेल तर तुमचं कॅलेंडर वीस दिवसांचं नाही, काही महिन्यांचं आहे.

आणि लपवलं तर? खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्या चेकच्या केसमध्ये बसून तडजोड झाली असती, तिच्यामागे एक नवी केस का लावून घ्यायची?

ही पुस्तिका तुमच्या हक्काची आहे

एक गोष्ट सांगतो, धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी अशी. १९६७ च्या आधी पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्यासाठी कायदाच नव्हता. सतवंतसिंग साहनी नावाचे एक व्यावसायिक होते. आयात-निर्यात आणि मोटारींचे सुटे भाग, इंजिनीअरिंगचा माल बनवणं हा त्यांचा धंदा. सरकारने त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं की परदेशी गेल्याशिवाय माझा धंदा चालत नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला: परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्याशिवाय सरकार ते अडवू शकत नाही.

त्या निकालामुळे सरकारला कायदा करावा लागला, आणि २४ जून १९६७ ला पासपोर्ट कायदा आला. दरवर्षी २४ जून हा पासपोर्ट सेवा दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळेच. म्हणजे आज तुम्ही मोबाइलवरून हक्काने अर्ज करता, त्यामागे सुटे भाग विकणाऱ्या एका उद्योजकाची लढाई आहे. काउंटरवर दबून उभं राहायचं कारण नाही. कागद पूर्ण न्या आणि ताठ मानेने बोला.

आणि नाहीच झालं तर?

पासपोर्ट वेळेत आला नाही, किंवा व्हिसा राहिला, म्हणून ऑर्डर गेली असं समजू नका. त्याच दिवशी बायरला स्पष्ट कळवा की येता येत नाही, आणि व्हिडिओ कॉलची वेळ मागा. सॅम्पल कुरिअरने पाठवा. पार्टनरकडे पासपोर्ट असेल तर त्याला पाठवा. आयोजकाला विचारा, स्टॉल पुढच्या वर्षाला फिरवता येतो का. शेवटच्या दिवशी गायब होणाऱ्या सप्लायरला बायर विसरत नाही, आणि आधी कळवणाऱ्यालाही विसरत नाही.

शिवाय गोरेगावच्या नेस्को मैदानावर वर्षभर आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं भरतात. परदेशी बायर तिथे स्वतः येतो. बोईसरहून लोकलने जाऊन दिवसभर भेटी घेऊन रात्री घरी येता येतं. पहिल्या परदेशी बायरशी ओळख करायला विमानच लागतं असं नाही.

या आठवड्यात एवढं करा

फेअर ठरलेलं नसेल तर ही वेळ सगळ्यात चांगली. साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, त्याला साधारण ३० दिवस लागतात, आणि तो १० वर्षं चालतो. म्हणजे वर्षाला १५० रुपये. गाळ्याचं शटर ऑइल करायला यापेक्षा जास्त लागतात.

उद्यम नोंदणी केलीत, जीएसटी घेतलंत, ५०० रुपये भरून आयईसी कोड काढलात. त्याच फाइलमध्ये पासपोर्ट हवा. एमएसएमई मंत्रालयाच्या इंटरनॅशनल कोऑपरेशन योजनेतून परदेशी फेअरच्या खर्चाला मदत मिळते, पण ती औद्योगिक संघटनांमार्फत मिळते आणि नावं बरीच आधी जातात. त्या यादीत नाव द्यायला ज्याचा पासपोर्ट तयार असतो, तोच हात वर करू शकतो.

म्हणून:

१. आज रात्री सगळे कागद टेबलावर ठेवून नावाचं स्पेलिंग जुळवा.
२. जुना पासपोर्ट असेल तर संपायची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक वर्ष आधीची आठवण लावून.
३. वकिलांना एक फोन करा: माझ्या नावावर, फर्मच्या नावावर कुठली केस चालू आहे का?
४. भाडेकराराची नोंदणी झालेली नसेल तर करून घ्या.
५. पोर्टलवर खातं उघडा आणि अर्ज भरायला सुरुवात करा. अर्धवट अर्ज सेव्ह करून ठेवता येतो.

हे पाच झाले की "वीस दिवस राहिलेत, होईल का?" हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागणार नाही. बायरचा मेल आला की तुम्ही सरळ तिकीट बघायला लागाल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर काम चालू ठेवा.